थोडक्या खर्चांत क्रिकेटचा सामना

वार्षिक परीक्षा आटोपतात, आंबे बाजारांत येतात आणि क्रिकेटचा हंगाम रंगांत येतो, त्या सुमारास बहुतेक घरांतून एकच संवाद ऐकूं येतो. मुलें म्हणतात, ‘एकदां तरी सामना मैदानावर जाऊन पाहूं द्या;’ आणि वडील माणसें म्हणतात, ‘एवढे पैसे आणावयाचे कोठून?’ मग सारी मंडळी दूरदर्शनच्या पडद्यापुढें बसते आणि विषय तेथेंच मिटतो. एकत्र कुटुंबांत तर ही अडचण अधिकच जाणवते. एकाला न्यावें तर चौघांचीं तोंडें उतरतात, आणि सर्वांना न्यावें तर महिन्याचा किराणा एका संध्याकाळीं खर्चीं पडतो. म्हणून स्वस्त तिकिटाचा प्रश्न दिसावयास करमणुकीचा असला, तरी त्यांत घरांतील समतेचाहि प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर आपल्याकडे बहुधा ठरलेलें असतें: ‘कोणाची तरी ओळख काढा आणि पास मिळवा.’ आमच्या मतें हें उत्तर सदोष आहे. इतकेंच नव्हे, तर तिकिटें दुर्मिळ होण्याचें तेंच एक मोठें कारण आहे. तें कसें, आणि पास न मागतां थोडक्या पैशांत उत्तम क्रिकेट कसें पाहतां येतें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

तिकिटांची वांटणी

डिसेंबर १९२६ मध्यें मुंबईच्या जिमखान्यावर सी. के. नायडू यांनीं एम. सी. सी. च्या संघाविरुद्ध १५३ धावा काढल्या व त्यांत ११ षट्कार मारले. तो खेळ पाहण्यासाठीं लोक आसपासच्या झाडांवर आणि छपरांवर चढले होते. त्याच दौऱ्यांत पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनीं त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा केल्या, आणि शब्दरूपें शिकविणारा हात बॅटहि फिरवूं शकतो हें दाखवून दिलें. त्या काळीं ज्याला तिकीट मिळत नसे, त्याला निदान झाडाची फांदी तरी मोकळी होती.

पुढें १९३७ सालीं ब्रेबोर्न स्टेडियम झालें. त्याची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाकडे. मुंबईच्या क्रिकेटचा कारभार मात्र मुंबई क्रिकेट असोसिएशन या निराळ्या संस्थेकडे. मोठ्या सामन्यांचीं तिकिटें कोणाला किती मिळावीं, यावरून उभयतांत तंटा माजला. अखेर शेषराव वानखेडे यांच्या पुढाकारानें असोसिएशननें जवळच दुसरें स्टेडियम बांधलें, आणि जानेवारी १९७५ मध्यें तेथें वेस्ट इंडीजविरुद्धचा पहिला कसोटी सामना झाला. एकाच शहरांत हांकेच्या अंतरावर दोन प्रचंड स्टेडियमें कां, असा प्रश्न पाहुण्यास पडतो. त्याचें उत्तर या तिकिटांच्या वांटणींत आहे.

जिल्ह्यांतील दोन खेळाडू, दोन सामने

आपल्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्याशीं संबंध असलेलीं दोन उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं, तिकिटाचें बरेंचसें शास्त्र ध्यानांत येतें.

पहिलें उदाहरण २ एप्रिल २०११ चें. विश्वचषकाचा अंतिम सामना वानखेडे स्टेडियमवर होता, आणि भारताकडून नवा चेंडू हातीं घेणारा झहीर खान हा आपल्या श्रीरामपूरचा. त्या स्पर्धेंत त्यानें २१ बळी घेतले. त्याहून अधिक कोणासच मिळाले नाहींत. स्टेडियमांत जागा सुमारें ३३,०००. पण सर्वसाधारण लोकांना विकत घेतां येतील अशीं तिकिटें निघालीं अवघीं ४,००० च्या आसपास. म्हणजे दर आठ खुर्च्यांपैकीं सुमारें एक. बाकीच्या जागा संलग्न क्लब, आंतरराष्ट्रीय मंडळ अशा वाटांनीं आधींच लागून गेल्या होत्या. श्रीरामपूरच्या एखाद्या शाळामास्तरानें पैसे हातांत घेऊन तिकीट मागितलें असतें, तरी तें मिळण्याची आशा फारच थोडी होती.

दुसरें उदाहरण मार्च २०२४ चें. मैदान तेंच. रणजी करंडकाचा अंतिम सामना, मुंबई विरुद्ध विदर्भ. मुंबईचा कर्णधार अजिंक्य रहाणे. त्याचा जन्म संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथला. मुंबईनें १६९ धावांनीं जिंकून ४२ व्या वेळीं करंडक मिळविला. सामना पांचव्या दिवसापर्यंत चालला, आणि प्रेक्षकांना प्रवेश विनामूल्य होता. ज्याला आगगाडीचें किंवा एस. टी. चें भाडें परवडत होतें, त्याला देशांतील एका मानाच्या करंडकाचा निकाल डोळ्यांनीं पाहतां आला.

एकाच मैदानावर एका सामन्याला पैसे देऊनहि जागा नाहीं, आणि दुसऱ्याला पैसे न देतां जागा आहे. यावरून निघणारा बोध सरळ आहे. स्वस्त तिकीट मिळविण्याची पहिली पायरी म्हणजे कोणता सामना पाहावयाचा, हें विचारपूर्वक ठरविणें.

महागाईचें कारण

आज अनेक घरांतील एखादा मुलगा किंवा सून अमेरिकेंत असते, आणि तेथील बेसबॉलच्या सामन्यांचीं छायाचित्रें घरीं येतात. ‘तिकडे तर साध्या पगारावरचीं माणसेंहि सहकुटुंब सामन्याला जातात, मग इकडेच एवढी ओढाताण कां?’ असा प्रश्न सहजच निघतो. त्याचें मुख्य कारण संख्येंत आहे. तेथील मुख्य लीगमध्यें प्रत्येक संघ एका हंगामांत १६२ सामने खेळतो, आणि त्यांपैकीं ८१ घरच्या मैदानावर. इतके सामने झाल्यावर आठवड्यांतील एखाद्या कामाच्या दिवशीं, दुबळ्या संघाविरुद्ध, खुर्च्या रिकाम्या राहावयाच्याच. आणि रिकाम्या खुर्चीचा भाव उतरावयाचाच. छपराबाहेरच्या बांकांची तिकिटें तर तेथें पूर्वीपासून स्वस्त असतात. त्या बांकांच्या फळ्या उन्हानें पांढुरक्या पडत, म्हणून त्यांना ‘ब्लीचर्स’ असें नांव पडलें.

आपल्याकडील इंडियन प्रीमियर लीगमध्यें २०२५ च्या हंगामांत प्रत्येक संघाचे साखळी सामने होते १४. त्यांतले घरचे ७. मुंबईसारख्या अफाट नगरीची हौस सात संध्याकाळींत मावणार कशी? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून या लीगच्या तिकिटावरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. मूळ किंमत १,००० रुपये असेल, तर हातांतून १,४०० रुपये जातात. उलट मान्यताप्राप्त संघटनांच्या इतर सामन्यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाहीं; त्यापुढें १८ टक्के आहे. हा भेद ध्यानांत ठेवला, तर पहिली काटकसर कोठें करावी हें निराळें सांगावयास नको.

सामना, दिवस आणि बैठक

प्रथम रणजी करंडकाकडे वळावें. बहुतेक रणजी सामन्यांना प्रवेश विनामूल्य असतो. महाराष्ट्राचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथें होतात. अलीकडे नाशिक व सोलापूर येथेंहि झाले आहेत. संगमनेर-कोपरगांवकडील मंडळीस नाशिक जवळ, आणि कर्जत-जामखेडकडील मंडळीस सोलापूर सोयीचें. ‘रणजींत काय पाहावयाचें आहे?’ असें म्हणणाऱ्यांस एक आठवण द्यावीशी वाटते. डिसेंबर १९४८ मध्यें पुण्यास भाऊसाहेब निंबाळकर यांनीं काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांचा ४५२ धावांचा उच्चांक अगदीं हाताशीं आला असतां काठेवाडच्या संघानें पुढें खेळण्याचेंच नाकारलें. तो प्रसंग ज्यांनीं पाहिला, त्यांनीं कसोटी सामन्यांतहि क्वचित् दिसणारें कांहीं पाहिलें. आणि आजहि मोठे खेळाडू अधूनमधून या सामन्यांत उतरतात. जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस विराट कोहली रणजी सामना खेळला, तेव्हां पहांटेपासून रांगा लागल्या होत्या, आणि प्रवेश फुकट होता.

दुसरा मार्ग महिलांच्या सामन्यांचा. २०२३ सालीं महिलांची प्रीमियर लीग मुंबईंत सुरू झाली, तेव्हां स्त्रिया व मुली यांना प्रवेश विनामूल्य ठेवला होता. २०२५ च्या महिला विश्वचषकाचीं तिकिटें विक्रीस आलीं, तीं १०० रुपयांपासून. आठ माणसांचें कुटुंब ८०० रुपयांत विश्वचषकाचा सामना पाहूं शकलें असतें. वर सांगितलेल्या १,४०० रुपयांच्या एका तिकिटाहून हें कमीच आहे. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना २ नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईंत भारताच्या मुलींनीं ५२ धावांनीं जिंकला. घरांतील मुलींना तर हा खेळ अवश्य दाखवावा. आपल्यासारखीच एखादी मुलगी तेथें भर मैदानांत शफाली वर्माप्रमाणें ८७ धावा काढते, हें पाहिल्यानें जें साधतें, तें दहा उपदेशांनीं साधत नाहीं.

तिसरा मार्ग कसोटी सामन्यांचा. नोव्हेंबर २०२५ मध्यें कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या कसोटीचें तिकीट दिवसाला ६० रुपयांपासून होतें. मात्र पांच दिवसांचें एकत्र तिकीट घेण्याआधीं विचार करावा. तो कलकत्त्याचा सामना तिसऱ्याच दिवशीं संपला. गहुंजे येथें २०१७, २०१९ व २०२४ सालीं झालेल्या तीन कसोट्यांपैकीं एकहि पांचव्या दिवसापर्यंत पोंचली नाहीं. दोन तर तिसऱ्या दिवशींच आटोपल्या. म्हणून दिवसाचें तिकीट मिळत असेल, तर पहिल्या दोन दिवसांपैकीं एक निवडावा. शक्य तर कामाचा वार निवडावा.

बैठकीविषयींहि एक सूचना. स्वस्त तिकीट बहुधा छपराबाहेरचें असतें. गहुंज्याच्या स्टेडियमचा बराच भाग उघडा आहे. २४ ऑक्टोबर २०२४ रोजीं, न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीच्या पहिल्याच दिवशीं, तेथें प्रेक्षकांना पिण्याचें पाणी वेळेवर मिळालें नाहीं, आणि संघटनेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. दुपारनंतर ऊन पश्चिमेकडून येतें. तेव्हां पश्चिमेकडे पाठ होईल अशी बैठक मिळाल्यास डोळ्यांस त्रास होत नाहीं. टोप्या न्याव्यात, आणि वृद्धांसाठीं छपराखालचें तिकीट काढावें. तेथें चार पैशांची काटकसर करूं नये.

तिकीट विक्रेत्याच्या अधिकृत ठिकाणींच घ्यावें. मोबाईलवर तिकीट काढल्यास दर तिकिटामागें लागणारा जादा आकार आधीं पाहावा, आणि छापील तिकीट खिडकीवरून घ्यावयाचें असल्यास तें कोठें व कोणत्या दिवशीं मिळतें, तेंहि वाचावें. नाहीं तर नगरहून तेवढ्यासाठीं निराळा हेलपाटा पडावयाचा. तिकिटाचें छायाचित्र कौतुकानें इतरांस पाठवूं नये. त्यावरील खुणेचा उपयोग करून दुसराच कोणी आंत जाऊं शकतो. बाहेरचे खाद्यपदार्थ बहुधा आंत नेऊं देत नाहींत. म्हणून पोळीभाजी दाराबाहेरच उरकून घ्यावी.

प्रवासाचा हिशेबहि घरबसल्या करतां येतो. नगरहून पुणें सुमारें १२० किलोमीटर. मार्च २०२३ पासून एस. टी. मध्यें स्त्रियांना अर्धें भाडें पडतें; ६५ ते ७५ वर्षांच्या वृद्धांस अर्धें, आणि ७५ वर्षांवरील वृद्धांस कांहींच नाहीं. एकत्र कुटुंबांत आजी फुकट, आई व काकू अर्ध्यांत, असा प्रवास पुरुषांच्या एखाद्या टोळक्यापेक्षांहि स्वस्त पडतो. पुण्याहून पुढें लोणावळ्याच्या लोकलनें देहूरोडपर्यंत जावें. तेथून गहुंजें फार लांब नाहीं.

पासाविषयीं दोन शब्द

आतां पासाकडे वळूं. जागा मोजक्या असतात. त्यांतली एक फुकट गेली कीं, विक्रीची एक कमी होते. ज्याला पास मिळतो तो बहुधा तिकीट घेण्यास समर्थ असतो, आणि ज्याची जागा जाते तो रांगेंत उभा असलेला कोणी विद्यार्थी, कारकून किंवा कामगार असतो. पास घेणाऱ्यानें आपण कोणाचें कांहीं घेतलें असें मनांत आणलेलें नसतें. पण दर आठ खुर्च्यांपैकीं एकच विक्रीस राहते, ती अशाच निरुपद्रवी विनंत्यांच्या बेरजेनें. शिवाय पासासाठीं वडिलांनीं कोणाच्या दारीं चार खेपा घातलेल्या मुलें पाहतात. ओळखीवांचून कांहीं मिळत नाहीं, हा धडा तीं घरींच गिरवितात; आणि पुढें तोच धडा नोकरीच्या व प्रवेशाच्या बाबतींत वापरतात.

फुकट जागा द्यावयाचीच, तर ती कशी द्यावी याचा चांगला पाठ मुंबईच्या संघानें घालून दिला आहे. दरवर्षीं वानखेडेवरील एका सामन्याला स्वयंसेवी संस्थांतून शिकणारीं हजारों मुलें बोलावण्यांत येतात, आणि त्या दिवशीं सारें स्टेडियम त्यांच्याच आवाजानें भरून जातें. ज्यांना तिकीट घेणें शक्यच नाहीं, त्यांना तें दिलें जातें. त्याला दान म्हणतां येईल. आपल्यासारख्या मिळवत्या माणसांच्या पासाला म्हणतां येणार नाहीं.

दिवाळीच्या आसपास रणजीचा हंगाम सुरू होतो. घरांतील एखाद्या मुलाकडे वेळापत्रक काढण्याचें काम सोंपवावें, एखाद्या मुलीकडे भाड्याचा व जेवणाचा हिशेब द्यावा, आणि आजीआजोबांना सोयीचा दिवस कोणता तें सर्वांनीं मिळून ठरवावें. सामन्यापूर्वीं महिनाभर घरांत त्याचेंच बोलणें चालेल, आणि तो आनंद तर अगदींच विनामूल्य आहे. थंडीच्या दिवसांतील सकाळ, कोंवळें ऊन, समोर हिरवें मैदान, आणि सारें घर एका रांगेंत बसलेलें: एवढें सुख अजून आपल्या आटोक्यांत आहे, आणि त्यासाठीं कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं.