गव्हर्नरांच्या तळघरांवरची वाट

कॅनडातल्या क्वेबेक शहरात कड्याच्या कडेनं लाकडी फळ्यांची एक रुंद वाट जाते, ४०० मीटरांहून लांब. एका अंगाला शातो फ्रोन्तनाक हॉटेलची उतरती छपरं, दुसऱ्या अंगाला लोखंडी कठडा आणि सुमारे ६० मीटर खाली सेंट लॉरेन्स नदीचं विस्तीर्ण पात्र. ही डफरीन टेरेस. इथं पाय मोकळे करायला तिकीट लागत नाही.

फळ्यांखाली मात्र राज्यकर्त्यांचा वाडा आहे. साम्युएल द शाम्प्लेननं १६०८ साली शहर वसवलं आणि १६२० मध्ये याच कड्यावर किल्ला बांधायला घेतला. पुढं आधी फ्रेंच, मग इंग्रज गव्हर्नर इथल्या शातो सां-लुईमध्ये राहिले. जानेवारी १८३४ मध्ये तो जळून खाक झाला. चार वर्षांनी लॉर्ड डरहॅमनं त्या अवशेषांवरच फिरण्यासाठी सज्जा बांधून घेतला. पुरातत्त्वज्ञांनी २००५ ते २००७ दरम्यान इथं उत्खनन केलं; वाड्याचे अवशेष आता खाली उतरून पाहता येतात.

१८७१ मध्ये ब्रिटिश फौज निघून गेली आणि शहराची तटबंदी व्यापाऱ्यांना अडचण वाटू लागली. रहदारीसाठी वेशी पाडल्याही गेल्या. तेव्हा गव्हर्नर-जनरल लॉर्ड डफरीन आडवे आले. तट राखा, वेशी रुंद करून पुन्हा बांधा, टेरेस वाढवा, असा आराखडा त्यांनी पुढं केला. नगर अभियंता शार्ल बाय्यारजे यांच्या देखरेखीखाली काम झालं आणि १८७९ मध्ये नवी टेरेस खुली झाली. तो तट वाचला म्हणूनच १९८५ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत जुन्या क्वेबेकचं नाव आलं, असं म्हणायला हरकत नाही.

हेच डफरीन १८८४ मध्ये व्हाइसरॉय होऊन भारतात आले. सोलापूरचा डफरीन चौक आणि अमरावतीचं डफरीन रुग्णालय या नावांमागे हेच घराणं. स्त्रियांच्या औषधोपचारासाठी लेडी डफरीन यांनी निधी उभारला होता. भारतातल्या कारकिर्दीत लॉर्ड डफरीन यांनी उत्तर ब्रह्मदेश खालसा केला. क्वेबेकमधलं त्यांचं काम त्याहून कितीतरी मोलाचं.

या वाटेची एक दुःखद बाजूही आहे. १९ सप्टेंबर १८८९ रोजी टेरेसखालचा कडा सुटला आणि पायथ्याच्या शाम्प्लेन रस्त्यावरच्या घरांवर कोसळला. तीसहून अधिक माणसं दगावली. तिथं राहणारी बहुतेक कष्टकरी आयरिश कुटुंबं होती. टेरेसजवळून १८७९ पासून चालणारी केबलगाडी खालच्या वस्तीत उतरवते. नदीचं दृश्य पाहून झालं, की पर्यटकांनी शाम्प्लेन रस्त्यावरही फेरी मारावी.