'गो' आणि 'नो-गो'
अमेरिकेत पहिल्यांदाच स्वतःची रायफल जुळवणाऱ्याला जाणकार बजावतात: नळी एका कंपनीची, बोल्ट दुसऱ्या कंपनीचा असेल, तर आधी हेडस्पेस तपासा. (आपल्याकडे विनापरवाना बंदूक बनवणं १९५९च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा हे फक्त समजून घ्या!) हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून काडतूस चेंबरमध्ये टेकतं तिथपर्यंतचं अंतर. ते जास्त झालं तर पितळी पुंगळी ताणून फाटते आणि तप्त वायू थेट नेमबाजाकडे येऊ शकतो. म्हणून गेज दोन. 'गो'वर बोल्ट बंद व्हायलाच हवा, 'नो-गो'वर होता कामा नये.

आता तुमचा प्रयोगाचा सेटअप घ्या. तो चालतो हे तुम्ही पाहिलंत. पण तो नापास व्हायलाच हवा अशी चाचणी लावलीत का? मी लावली नव्हती. सहा महिन्यांचा डेटा फेकला.