थाइम

(लॅ. थायमस व्हल्गॅरिस, कुल–लॅमिएसी, पूर्वीचे नाव लॅबिएटी). तुळस, पुदिना व सब्जा यांच्या कुलातील एक लहान, सुगंधी, बहुवर्षायू क्षुप. मूळस्थान भूमध्य समुद्राचा पश्चिम भाग असून स्पेन, दक्षिण फ्रान्स व इटली येथील खडकाळ, चुनखडीयुक्त टेकड्यांवर ही वनस्पती रानटी अवस्थेत आढळते. थायमस प्रजातीत दोनशेहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी थायमस लिनिॲरिस ही जाती काश्मीरपासून कुमाऊँपर्यंतच्या हिमालयात उगवते व हिंदीत तिला बन-अजवायन म्हणतात. यूनानी वैद्यकातील हाशा हे औषधही याच प्रजातीतील वनस्पतींपासून मिळते. महाराष्ट्रात थाइम रानटी आढळत नाही. परसबागेत व कुंड्यांत मात्र हौसेने लावतात.

क्षुपाची उंची सु. १५–३० सेंमी. असते. खोड बारीक, चौकोनी व तळाशी काष्ठमय असून त्याला अनेक फांद्या फुटतात. पाने समोरासमोर, ४–१० मिमी. लांब, लंबगोल व करड्या हिरव्या रंगाची असतात. त्यांच्या कडा खालच्या बाजूस वळलेल्या असून पृष्ठभागावर सूक्ष्म तैल-प्रपिंड (तेल स्रवणाऱ्या ग्रंथी) असतात. फुले लहान, द्व्योष्ठक (दोन ओठांसारखे भाग असलेली), पांढरी अथवा फिकट जांभळी असून फांद्यांच्या टोकांकडे झुबक्यांनी येतात. मधमाश्यांना ती प्रिय असतात. ग्रीसमधील हिमेट्टस पर्वतावरील थाइमचा मध प्राचीन काळापासून प्रसिद्ध आहे.

थाइम व ओवा : थाइमचे पान चुरडले असता ओव्याचा वास येतो. थायमॉल हे संयुग दोहोंत असल्यामुळे हे साम्य आढळते. थाइमच्या सुक्या पाल्यात सु. १–२·५ टक्के बाष्पनशील तेल असते व त्यातील मुख्य घटक बहुधा थायमॉल असतो. कास्पार नॉइमान यांनी १७१९ मध्ये थाइमच्या तेलातून हा स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. ओव्याच्या फळांत (ज्यांना व्यवहारात बी म्हणतात) त्याचे प्रमाण इतके मोठे असते की, पहिल्या महायुद्धापूर्वी भारतातून ओवा जर्मनीस निर्यात होई व तेथे त्यापासून थायमॉल काढले जाई. त्या काळी अंकुशकृमींवरील ते एक प्रमुख औषध होते.

वास सारखा असला, तरी या वनस्पती वेगळ्या आहेत. ओवा हा कोथिंबिरीच्या कुलातील (अंबेलिफेरी) असून वर्षायू आहे. त्याची पाने बारीक तंतूंसारखी विभागलेली असतात. रोपवाटिकांतून ‘ओव्याचे झाड’ म्हणून बहुधा पानओवा (कोलियस अँबॉयनिकस) मिळतो. त्याची पाने जाड, मांसल, लवदार व दातेरी असून ती भज्यांसाठी वापरतात. पानओव्यापासून मसाल्याचा ओवा मिळत नाही. थाइमचे रोप घेताना बारीक पाने व तळाशी काष्ठमय झालेले खोड पाहून खात्री करून घ्यावी.

हवामान व जमीन : परदेशी पुस्तकांतील लागवडीच्या सूचना थंड हवामानासाठी लिहिलेल्या असतात. विदर्भात त्यांत बदल करावा लागतो. नागपूर जिल्ह्यातील सावनेर हे कोलार नदीकाठचे तालुक्याचे गाव त्याचे चांगले उदाहरण होय. या भागात मे महिन्यात सरासरी कमाल तापमान ४२° से.च्या वर जाते व डिसेंबर–जानेवारीत किमान तापमान १२°–१३° से.पर्यंत उतरते. वर्षाचा पाऊस सु. १,०००–१,२०० मिमी. असून त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. बरीच शेतजमीन बेसाल्टपासून बनलेली काळी, चिकण व चुनखडीयुक्त आहे.

ही जमीन रासायनिक दृष्ट्या थाइमला प्रतिकूल नाही. किंचित अल्कधर्मी व चुनखडीची जमीन त्याला मानवते. अडचण आहे ती निचऱ्याची. काळी माती पावसाळ्यात फुगून पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही व पाणथळ जमिनीत वाढणाऱ्या कवकांमुळे मूळकूज होते. या भागातील संत्रा बागाईतदारांना हे दुखणे परिचित आहे. निचरा नसलेल्या जमिनीत संत्र्याच्या झाडांनाही मूळकूज व डिंक्या हे रोग होतात. उन्हाने कोमेजलेले रोप वेळीच सावली व पाणी दिल्यास सावरू शकते, परंतु मुळे कुजलेले रोप सहसा वाचत नाही. म्हणून येथे उन्हाळ्यापेक्षा पावसाळा अधिक सांभाळावा लागतो आणि थाइम जमिनीत लावण्याऐवजी कुंडीत लावणे इष्ट ठरते.

लागवड : २०–२५ सेंमी. व्यासाची, तळाशी भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. तिच्या बाजूंतूनही ओल उडून जाते. भोकावर खापरीचा तुकडा ठेवून कुंडीत एक भाग माती व दोन भाग जाडी वाळू अथवा चाळलेला बारीक मुरूम यांचे मिश्रण भरावे. त्यात चांगले कुजलेले शेणखत मूठभर पुरे. अधिक खताने पाला वाढतो, पण वास कमी होतो.

बी अतिशय बारीक असते. परतीचा पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, ते ओलसर मिश्रणावर विखरून त्यावर वाळूचा अगदी पातळ थर द्यावा व झारीने हलके पाणी शिंपडावे. उगवण दोन ते तीन आठवड्यांत होते. रोपे ५–७ सेंमी. उंच झाल्यावर एका कुंडीत एक याप्रमाणे लावावीत. बियांपेक्षा छाट कलमे लवकर तयार होतात. त्यांसाठी न फुललेल्या कोवळ्या फांद्यांचे ५–८ सेंमी. लांबीचे तुकडे हिवाळ्यात वाळूत लावतात.

हिवाळ्यात दिवसभर ऊन द्यावे. वरची २–३ सेंमी. माती बोटाला कोरडी लागेल तेव्हाच पाणी द्यावे. रोज ठरावीक वेळी थोडे थोडे पाणी घालणे अपायकारक असते. मार्चअखेरीपासून दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. मे महिन्यात कुंडी तापून मुळे भाजू नयेत म्हणून ती मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी वाळूने भरतात. लाल कोळी ही कीड या दिवसांत आढळल्यास पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा फवारा मारून ती धुऊन काढावी. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी कुंडी वळचणीच्या आत, पाऊस लागणार नाही परंतु सकाळचे ऊन व वारा मिळेल अशा जागी, दोन विटांवर उचलून ठेवावी. खाली बशी ठेवू नये. एवढे करूनही पावसाळ्यात रोप दगावण्याचा संभव राहतो. त्यामुळे फेब्रुवारीत दोन-तीन छाट कलमे करून ठेवणे शहाणपणाचे असते. तीन-चार वर्षांनी झाड काष्ठमय होऊन पाला कमी येतो. तेव्हा नवीन रोप लावावे.

काढणी व साठवण : फुले उमलण्याच्या सुमारास पानांतील तेलाचे प्रमाण चांगले असते. दव उडाल्यावर सकाळी शेंडे खुडावेत. एका वेळी एक-तृतीयांशाहून अधिक छाटणी करू नये व जून, पाने नसलेल्या लाकडापर्यंत कापू नये, कारण तेथून नवीन फूट क्वचितच येते. पाला उन्हात वाळविल्यास तेल उडून जाते. तो सावलीत, हवेशीर जागी पसरावा. सावनेर भागातील हिवाळ्याच्या कोरड्या हवेत तो थोड्याच दिवसांत कुरकुरीत होतो. देठापासून पाने सुटी करून घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवल्यास सु. वर्षभर टिकतात.

उपयोग : युरोपीय स्वयंपाकात मांस, मासे, शेंगभाज्या व सार यांना थाइमचा स्वाद देतात. कोथिंबिरीचा वास शिजविल्यावर जातो, थाइमचा टिकतो. म्हणून ते पदार्थ शिजत असताना सुरुवातीसच घालतात. ओव्याप्रमाणेच ते बेसनाच्या व डाळीच्या पदार्थांना साजते. भजी, पिठले, तसेच बटाटा व टोमॅटो यांच्या भाज्यांत ते घालता येते. सुकी पाने ताज्यांच्या सु. एक-तृतीयांश घ्यावीत.

खोकल्यावर थाइमचा काढा देण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. थायमॉल जंतुनाशक असल्याने दंतधावने व गुळण्यांची औषधे यांत वापरतात. स्वयंपाकातील प्रमाणात थाइम सामान्यतः निर्धोक असते. परंतु त्याचे काढलेले तेल अतिशय तीव्र असून पोटात घेणे धोक्याचे आहे. ते न मिसळता त्वचेस लावल्यास दाह होतो. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना थाइम औषध म्हणून देण्यापूर्वी वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक असते.