प्रसंग पुसला जातो, राग उरतो

"मला अजून कुणी जेवायला वाढलं नाही," असं सासूबाई शेजारणीला सांगतात, आणि त्यांचं ताट नुकतंच घासून पालथं घातलेलं असतं. सुनेला वाटतं, मुद्दाम बदनामी चाललीय. तसं नसतं; सासूबाईंना अल्झायमर झालेला असतो. या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग बहुधा सुरुवातीलाच झिजतो, आणि नव्या आठवणी घडवण्यात त्याचाच मोठा वाटा असतो. दुपारचं जेवण त्यामुळे नोंदलंच जात नाही. माहेरच्या विहिरीवरची भांडणं मात्र नावानिशी आठवतात.

2014 साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाचे आणि आनंदाचे चित्रपट-तुकडे दाखवले. पाच-दहा मिनिटांत त्यांतलं बरंचसं ते विसरले. उदासी मात्र अर्ध्या तासापर्यंत रेंगाळली.

म्हणून "आत्ताच तर जेवलात!" हा वाद जिंकून हाती काही लागत नाही. शब्द जातात, चिडचिड उरते. त्यापेक्षा केळ्याचे चार काप पुढे ठेवावेत. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी जायचंय" म्हणाल्या, तर "तिथं कोण कोण असायचं?" असं विचारावं. संध्याकाळी घालमेल वाढत असेल, तर अंधारून यायच्या आधीच दिवे लावून बघावेत.

एक मात्र ध्यानात ठेवा. गोंधळ दोन-तीन दिवसांत एकदम वाढला, तर "आजार पुढे सरकला" म्हणून गप्प बसू नका. लघवीचा संसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध हेही कारण असू शकतं. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा.