गॅरेजचे पाने घेताना : पैसा कोठे घालावा, कोठे वाचवावा?

उस्तादाच्या हाताखाली चार-पाच वर्षे काढल्यावर आपले तरुण स्वतःचे गॅरेज टाकतात. गाळ्याची अनामत व स्पेअर पार्ट यांतच भांडवल संपते आणि हत्यारांसाठी थोडीच रक्कम उरते. अशा वेळी कोणी चाळीस नगांची चकचकीत पेटी स्वस्तात घेतो, तर कोणी उधारी करून महागडा सेट आणतो. आमच्या मते दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

हलक्या पान्याचे तोंड थोड्याच दिवसांत फाकते. मग नटाचे कोपरे गोल होतात, पाना सटकतो आणि हात इंजिनवर आपटतो. समजा, पान्यात साठ रुपये वाचले. पण मोडलेला बोल्ट काढण्यात अर्धा दिवस गेला आणि गिऱ्हाईक नाराज झाले, तर बचत कोठे राहिली?

आधी आपले काम पाहावे. जपानी धाटणीच्या बहुतेक मोटारसायकलींवर ८, १०, १२, १४ व १७ हेच पाने दिवसभर चालतात. ८ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला तेथे १२ चा पाना लागतो, तर इतर अनेक गाड्यांवर त्याच बोल्टला १३ चा लागतो. म्हणून ज्या गाड्या आपल्याकडे येतात त्यांचेच माप धरावे. पेटीतील जे नग कधी हातात येणार नाहीत, त्यांचे पैसे कशाला मोजावेत?

चांगला पैसा तीन ठिकाणी घालावा. पहिले, रोजच्या मापाचे रिंग पाने व गोटी पाने. फिक्स पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंग पाना चोहोबाजूंनी धरतो; म्हणून घट्ट नट रिंगनेच सोडवावा. गोटी शक्यतो सहा कोनी घ्यावी. बारा कोनी गोटी अडचणीच्या जागी लवकर बसते, पण गंजलेल्या नटावर घसरण्याची भीती अधिक. दुसरे, स्क्रू ड्रायव्हर. जपानी पद्धतीच्या चौफुली स्क्रूत साधा फिलिप्स ड्रायव्हर पुरता बसत नाही, तो वर उचलला जातो व खाच खराब होते. त्यासाठी जेआयएस टोकाचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा. तिसरे, टॉर्क रेंच. हेड बोल्ट अंदाजाने आवळणे धोक्याचे आहे.

हातोडा, छन्नी, तारेचा ब्रश, तेलाचे भांडे, क्वचित लागणारे मोठे पाने यांत बचत करता येते. मोठे पाने जुन्या बाजारातही चांगले मिळतात. मात्र तोंड फाकलेले, वेल्डिंग केलेले किंवा ग्राइंडरवर घासलेले नग घेऊ नयेत. जॅक व स्टँड यांत मात्र काटकसर नको. तेथे जिवाशी गाठ आहे.

दुकानात जाताना नवा बोल्ट खिशात न्यावा. पाना त्यावर बसवून हलवून पाहावा. फार खेळ असेल तर परत ठेवावा. मुलामा सुटलेला किंवा फुगलेला नसावा, त्याच्या पापुद्र्याने हात कापतो. 'क्रोम व्हॅनेडियम' ही अक्षरे कोणीही ठोकू शकतो, म्हणून केवळ शिक्क्यावर विसंबू नये. पक्के बिल घ्यावे व सेटऐवजी सुटा नग मिळतो का ते विचारावे, म्हणजे एक हरवला तर सगळा सेट घ्यावा लागत नाही.

उत्तम माल परदेशीच असतो, हा समज चुकीचा आहे. जालंधर व लुधियाना येथील हत्यारे परदेशात जातात. आपल्या नाशिकला कारखाना असलेल्या तापडिया कंपनीने १९६९ साली स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हे काम सुरू केले. मुंबईची नागदेवी स्ट्रीट किंवा पुण्याची बोहरी आळी येथे चार दुकाने फिरून भाव काढावा.

घेतलेले हत्यार सांभाळणे ही अर्धी कमाई आहे. पान्यावर हातोडा मारू नये, त्याला पाइप लावू नये. चकचकीत मुलाम्याची गोटी इम्पॅक्ट गनवर चढवू नये, ती फुटून उडते. टॉर्क रेंच काम झाल्यावर सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवावा.

सुरुवातीला रोजचे आठ-दहा नग रोखीने व चांगले घ्यावेत. पुढे दरमहा कमाईतून एक-एक नग वाढवावा. वर्षभरात पेटी भरते आणि डोक्यावर कर्जही राहत नाही.