डायलिसिसच्या रुग्णाचा एकच हात सुजला तर

वॉर्डात नोकरीला होते तेव्हाची एक बाई आठवते. दोन वर्षांपासून डायलिसिसवर. डावा हात खांद्यापासून बोटांपर्यंत सुजलेला, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. छातीवर निळ्या शिरांचे जाळे. घरचे म्हणत, "पाणी जास्त पिते." आम्हीही काही दिवस तेच म्हणत होतो, हे कबूल करते.

अंगात पाणी साठले तर दोन्ही पाय सुजतात. एकच हात सुजला तर शंका वेगळी घ्यायची. फिस्टुला तयार होईपर्यंत गळ्यात किंवा कॉलरच्या हाडाखाली नळी घालतात. ती शिरेला आतून घासते, तिथे वण धरतो आणि शीर आकसते. नळी काढल्यावर कित्येक महिन्यांनीही हा त्रास सुरू होऊ शकतो. हाडाखालच्या नळीत धोका जास्त, म्हणून शक्यतो गळ्याची उजवी बाजू निवडतात.

हाताच्या, गळ्याच्या शिरा सोनोग्राफीत दिसतात. छातीच्या हाडामागची मोठी शीर मात्र तिथे नीट दिसत नाही. तिच्यासाठी सीटी व्हेनोग्राफी. हातातून आयोडीनचे औषध, ज्याला आपण डाय म्हणतो, सोडून स्कॅन काढतात. घट्ट डाय स्कॅनवर इतका पांढरा चमकतो की त्याच्या रेघांत अडलेली जागाच झाकली जाते. म्हणून तो सलाईनमध्ये पातळ करून, बहुधा दोन्ही हातांतून एकाच वेळी सोडतात. चित्र स्वच्छ येते, आयोडीनही कमी जाते. ज्यांना अजून थोडी लघवी होते, त्यांची उरलीसुरली किडनी जपायला हे फार मोलाचे.

क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. पूर्वी डायची ॲलर्जी झाली असेल, दमा किंवा थायरॉइड असेल, मेटफॉर्मिन चालू असेल, दिवस गेले असतील तर आधी सांगा. फिस्टुलाच्या हातात सुई कुठे टोचायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. "डाय किती, पातळ करणार का?" हे विचारायला लाजू नका. रिपोर्ट आणि सीडी मागून घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे. चेहरा सुजून दम लागत असेल, आडवे होता येत नसेल, तर स्कॅनच्या तारखेची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टी गाठा.

त्या बाईंची शीर छातीत अडलेली निघाली. फुगा घालून ती उघडली, काही दिवसांत हात उतरला. सहा महिन्यांनी शीर पुन्हा आकसली, पुन्हा फुगा घालावा लागला. असे बऱ्याचदा होते. त्यांना ते आधी कुणी सांगितले नव्हते.