कर्करोग सापडणे आणि जीव वाचणे

बंगळूरच्या कोरमंगलात घरी येऊन रक्ताचा नमुना नेणारी सेवा आता सवयीची झाली आहे. अशाच नमुन्यातून कर्करोगाचा सुगावा लावणारी ‘कॅन्सरस्पॉट’ ही चाचणी याच शहरातल्या स्ट्रँड लाइफ सायन्सेसने डिसेंबर २०२४ मध्ये आणली. यामागचे विज्ञान खरे आहे. गाठीतल्या मरणाऱ्या पेशींच्या डीएनएचे तुकडे रक्तात मिसळतात आणि त्यांच्यावरच्या मिथाइलच्या खुणा निरोगी पेशींपेक्षा वेगळ्या असतात. पण गाठ लहान असते तेव्हा हे तुकडेही थोडेच असतात. अमेरिकेतल्या ‘गॅलेरी’ या अशाच चाचणीने एका मोठ्या अभ्यासात चौथ्या टप्प्यातले सुमारे ९० टक्के कर्करोग ओळखले, पहिल्या टप्प्यातले मात्र जेमतेम १७ टक्के. म्हणजे लवकर निदान जिथे सर्वांत मोलाचे, तिथेच चाचणी सर्वांत दुबळी.

निरोगी माणसांची चाचणी करताना आणखी एक हिशेब मांडावा लागतो. समजा, दहा हजारांत पन्नास जणांना कर्करोग आहे. चाचणी त्यातले निम्मे ओळखते आणि निरोगी माणसांपैकी दोनशेत एकालाच चुकून रोगी ठरवते. तरीही पंचवीस खऱ्या रुग्णांमागे पन्नास निरोगी माणसे स्कॅन आणि बायॉप्सीच्या फेऱ्यांत सापडतील. वय जितके कमी, तितके हे प्रमाण बिघडते.

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरे नाही का?’ हा प्रश्न रास्त आहे, पण रोग आधी कळला म्हणजे मृत्यू टळलाच असे होत नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीप्रयोगात सीए-१२५ या रक्तचाचणीच्या आधारे अंडाशयाचे कर्करोग लवकर सापडले; २०२१ च्या निष्कर्षांनुसार मृत्यू मात्र घटले नाहीत. उलट, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात गर्भाशयमुखाच्या एकाच एचपीव्ही तपासणीने त्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे २००९ मध्ये सिद्ध झाले. रक्तचाचणीलाही हीच कसोटी लावली पाहिजे.

नवे तंत्र पुराव्याची वाट पाहत बसले तर मागे पडेल, असे कुणी म्हणेल. त्याचे संशोधन जरूर व्हावे, त्यात लोकांनी सहभागीही व्हावे. पण पुरावा येईपर्यंत ते निरोगी माणसाला दिलासा म्हणून विकू नये. ‘नकारात्मक’ अहवालावर विसंबून तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेकडे किंवा स्तनातल्या गाठीकडे दुर्लक्ष झाले, तर ती चाचणी घातकच ठरेल. तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी सरकारी कार्यक्रमातही आहे. पैसा आणि आग्रह आधी तिथे लागला पाहिजे.